१९७७ च्या लंडनमधले पंक कपडे : एकांकिकेसाठी मदत हवी आहे

मुक्ता_विंगेतून

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजची यंदाची एकांकिका लंडनमध्ये घडते, १९७७ च्या जूनमध्ये. राणीला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली म्हणून गल्लोगल्ली पताका लागल्या आहेत आणि एका घराच्या तळघरात चार जण राहताहेत. तीन पंक, म्हणजे तेव्हाच्या बंडखोर रॉक संगीताच्या लाटेतली, मुलं आणि एक भारतीय मुलगी. वर घरमालकीण. वेशभूषा माझ्याकडे आहे आणि हातात सहा हजार रुपये आहेत.

दिग्दर्शकाला डोक्याच्या मधोमध उभा तुरा, खिळे ठोकलेलं चामडी जॅकेट आणि साखळ्या हव्या आहेत. पडदा उघडल्या क्षणी लोकांना 'पंक' कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पण मी त्या वर्षीचे फोटो बघत बसते तेव्हा त्यातली मुलं अशी दिसतच नाहीत. कुणी शाळेचा ब्लेझर घातलाय, कुणी आजोबांचा असावा असा शर्ट, एकीने तर कचऱ्याची काळी पिशवी अंगात घातली आहे. मग खरं कुठलं?

अजून एक गोष्ट आहे. संहितेत एका पात्राच्या दंडावर नाझी चिन्हाची पट्टी आहे असं लिहिलंय. त्यावरून आमच्यात दोन तट पडलेत. तेव्हाची मुलं ते चिन्ह खरंच घालायची का, आणि आपण ते रंगमंचावर घालावं का? ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा. तालीम सुरू झाली आहे.

ढोल_ते_ड्रम्स

मुक्ता, दिग्दर्शकाचं बरोबर आहे. पंक म्हणजे तुरा आणि खिळेवालं जॅकेट. 'द एक्सप्लॉइटेड'चे फोटो बघ, गायकाच्या डोक्यावर लाल तुरा. विग ऑनलाइन मिळतो. जॅकेट जुन्या बाजारात बघ, खिळे चामड्याच्या पट्ट्यांच्या दुकानात किलोवर मिळतात. बूट डॉक्टर मार्टेन्ससारखे उंच, आठ भोकांचे. एवढं केलंस की झालं.

नीला_हेज

मुक्ता, तुझा प्रश्न वाचून दोन दिवस नुसती बसून होते. लिहायला घेतलं की लांबणार हे माहीत होतं.

मी मूळची इचलकरंजीची. १९७१ मध्ये, दहा वर्षांची असताना, आईवडिलांबरोबर इंग्लंडला आले. पश्चिम लंडनमध्ये साउथॉलच्या शेजारी हेज म्हणून भाग आहे, तिथे वाढले. वडील विमानतळावरच्या स्वयंपाकघरात कामाला होते. आई घरी बसून नगावर शिवायची. आठवड्यातून एकदा एक माणूस गाडीतून कापलेल्या स्कर्टांचे गठ्ठे टाकून जायचा, आई त्यांना अस्तर आणि चेन लावायची, पुढच्या आठवड्यात तो तयार माल उचलायचा. आमची पुढची खोली म्हणजे काळ्या साटीनच्या चिंध्या, चेनचे डबे आणि दोऱ्यांची रिळं. १९७७ मध्ये मी सोळा वर्षांची होते.

आधी तुरा. तुझ्या नाटकात तो नको. ढोल_ते_ड्रम्स यांनी सांगितलेला बँड खरा आहे, पण तो नंतरचा. ते तुरे, खिळ्यांनी भरलेली आणि पाठीवर बँडचं नाव रंगवलेली जॅकेटं १९८० च्या आसपास पसरली. मग पर्यटक त्या मुलांबरोबर फोटो काढायला लागले आणि किंग्ज रोडच्या दुकानांत त्यांची पोस्टकार्डं विकायला लागली. १९७७ मध्ये चामडी जॅकेटं होती, पण साधी. केस कात्रीने वेडेवाकडे कापलेले, साबण नाहीतर साखरेचं पाणी लावून उभे केलेले. बूट म्हणशील तर डॉक्टर मार्टेन्स १९६० पासून मिळत होते, पण ते कामगारांचे, पोस्टमनचे बूट होते. ज्याच्याकडे होते त्याने घातले, बाकीच्यांनी कॅनव्हासचे.

दिग्दर्शकाला एक गोष्ट माझ्यातर्फे सांग. लोकांना चटकन ओळख पटावी असं त्याला वाटतंय, पण त्या वर्षी रस्त्यावर कुणाला ओळखच पटत नव्हती. लांब कोटातले टेडी बॉय कळायचे, हिप्पी कळायचे, डोकं भादरलेले स्किनहेड कळायचे. ही मुलं कोण हेच कळत नव्हतं. शाळेचा टाय, पण गळ्यात नुसता गाठ मारलेला. ब्लेझर, पण बाही उसवून पुन्हा पिनांनी जोडलेली. बाईच्या हातात भाजीची पिशवी असायची आणि ती फुटपाथ सोडून पलीकडे जायची, मी स्वतः पाहिलंय. ओळखीच्या वस्तू भलत्या जागी लावलेल्या असल्या की माणूस जास्त घाबरतो. तुमच्या रंगमंचावर तेच यायला हवं.

आता दुकान. चेल्सीत ४३०, किंग्ज रोड. मॅल्कम मॅक्लॅरेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांनी १९७१ मध्ये ते सुरू केलं तेव्हा तिथे टेडी बॉय लोकांचे १९५० च्या दशकातले लांब कोट मिळायचे. पुढे दुकानाचं नाव आणि माल बदलत गेला. १९७४ मध्ये दारावर गुलाबी रबराची मोठाली अक्षरं लागली, 'सेक्स', आणि रबराचे, चामड्याचे कपडे आले. १९७६ च्या शेवटी ते 'सेडिशनरीज' झालं. व्हिव्हियन त्याआधी प्राथमिक शाळेत शिकवायची, हे मला कायम महत्त्वाचं वाटत आलंय. कापड कसं पडतं हे तिने जुने कपडे उसवून उसवून शिकून घेतलं. माझ्या आईचीही तीच शाळा.

सगळं लंडनमध्येच उगवलं असंही नाही. फाटका शर्ट, उभे केस, सेफ्टी पिना हे न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेल आधीच करत होता. मॅक्लॅरेन तिकडे राहून आला होता, त्याने ते डोळ्यांत साठवून आणलं. पण न्यूयॉर्कमध्ये ती एका कवी-गायकाची तऱ्हा होती. इथे ती शाळा सोडलेल्या पोरांच्या अंगावर आली. १९७६ मध्ये देशात दहा लाखांहून जास्त लोक बेकार, सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागायला गेलेलं, आणि टीव्हीवर मात्र सदानकदा राणीचा समारंभ. आमच्या वर्गातल्या मुलांना शाळा संपल्यावर काय, याचं उत्तर कुणी देत नव्हतं.

पहिल्यांदा घराघरात नाव पोचलं ते १ डिसेंबर १९७६ ला. संध्याकाळी चहाच्या वेळेला थेम्स टेलिव्हिजनवर सूत्रसंचालक बिल ग्रंडीने सेक्स पिस्टल्स या पंक बँडला चिथावलं (मॅक्लॅरेन त्यांचा व्यवस्थापक) आणि त्यांनी थेट प्रक्षेपणात शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सगळे पेपर पेटले, त्यांच्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. त्यांची रेकॉर्ड ईएमआय कंपनीची होती आणि ईएमआयचा कारखाना आमच्या हेजमध्ये! तिथल्या पॅकिंगच्या बायकांनी ती रेकॉर्ड हाताळायला नकार दिला. आमच्या गल्लीतल्या दोघी तिथे होत्या. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर दुसरा विषय नव्हता.

माझी मैत्रीण डेबी आणि मी १९७७ च्या वसंतात त्या दुकानात गेलो. २०७ नंबरच्या बसने शेफर्ड्स बुश, तिथून बस बदलून किंग्ज रोड. दुकानाला दुधी काच, आतलं काही दिसायचं नाही, दार ढकलायला धीर लागायचा. आत भिंतभर दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या ड्रेस्डेनचा फोटो, दुसऱ्या भिंतीवर पिकॅडिली सर्कस उलटी टांगलेली. छताला भगदाड, मुद्दाम पाडलेलं. जॉर्डन नावाची मुलगी तिथे काम करायची. केसांचा उंच डोलारा, डोळ्यांवरून कानापर्यंत काळे पट्टे. ती समुद्रकाठच्या सीफर्डहून रोज आगगाडीने यायची, आणि बाकीचे प्रवासी तक्रार करतात म्हणून गार्डने तिला पहिल्या वर्गात नेऊन बसवलं होतं, हा किस्सा तिने पुढे अनेकदा सांगितलाय.

किंमती बघून आमचे चेहरे उतरले. हे तुझ्या नाटकासाठी महत्त्वाचं आहे. तिथले कपडे बंडखोर होते पण आमच्या खिशाचे नव्हते. तळघरात राहणाऱ्या बेकार मुलांकडे ते फार तर एखादं असेल, तेही कुणाकडून मागून आणलेलं.

मी एक शर्ट हातात घेतला आणि सवयीने उलटा करून शिवण बघितली. पातळ, विरविरीत कापड, बाह्या हातापेक्षा वीतभर लांब, त्यांना कड्या आणि कुत्र्याच्या पट्ट्याला असतात तसे आकडे लावलेले. पुढे छापील चित्र. आणि कापड कुठलं? मलमल! आई ज्यात श्रीखंडाचा चक्का बांधून नळाला टांगायची, तेच. मी डेबीला म्हटलं, हे आमच्या स्वयंपाकघरात आहे. तिला आधी पटेना. कापाकापीही अवघड नव्हती, जवळजवळ दोन चौकोनी तुकडे समोरासमोर जोडलेले. ज्याने कुणी झबलं शिवलंय त्याला तो शर्ट शिवता येईल.

घरी येऊन मी तो शिवला. छापायला काही नव्हतं, म्हणून जुन्या पेपरातून वेगवेगळ्या मापांची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर उतरवली, पुठ्ठा कोरला आणि बुटाच्या पॉलिशने शब्द उमटवले. खंडणीच्या चिठ्ठीसारखी ती कापलेली अक्षरं जेमी रीड या चित्रकाराने पिस्टल्ससाठी केली होती. राणीच्या फोटोत ओठातून सेफ्टी पिन आरपार, ते पोस्टरही त्याचंच.

मग विजार. बाँडेज पॅन्ट म्हणतात ती. काळ्या साटीनची, मांड्यांच्या मधून पुढून मागे गेलेली चेन, पोटऱ्यांच्या मागे चेन, दोन्ही गुडघ्यांना जोडणारा पट्टा आणि मागे टॉवेलच्या कापडाची झूल. आमच्याकडे साटीन होतं, चेन होत्या आणि मशीन होतं. आईला म्हटलं शाळेच्या नाटकाला हवंय. तिने माझ्याकडे पाहिलं, विजार पाहिली, आणि मांडीतली शिवण दोनदा मार, तिथेच पहिल्यांदा उसवते, एवढंच बोलली.

डेबीने ती ७ जूनला घातली. आमच्या रस्त्यावर टेबलं मांडली होती, लाल-पांढऱ्या-निळ्या पताका, कागदी टोप्या. आईने कांदाभजी केली होती, इंग्रज शेजारणींनी सँडविचं. त्याच संध्याकाळी थेम्स नदीवर पिस्टल्स ज्या होडीत वाजवत होते ती पोलिसांनी धक्क्याला लावली आणि मॅक्लॅरेनसह काही जणांना पकडलं, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. इकडे डेबी त्या पट्ट्याच्या विजारीत छोटी छोटी पावलं टाकत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कुणी काही बोललं नाही. तिच्या आजीने तिला बशी दिली. तिचे वडील उठून आत गेले आणि संध्याकाळभर बाहेर आले नाहीत. ते लष्करात होते, उत्तर आफ्रिकेत लढलेले. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. आज मला त्या दोघांचंही समजतं. तुमच्या घरमालकिणीचं पात्र नीट लिहिलेलं असेल तर तिच्याही वाट्याला एवढं यावं.

आणि ती भारतीय मुलगी! तिला साडी नेसवू नका आणि पंकही करू नका. १९७७ मध्ये माझ्या अंगावर शाळेचा ब्लेझर, ऑक्सफॅम या धर्मादाय संस्थेच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातली लांब कार्डिगन आणि दोन वेण्या होत्या. शिवणारी मी, घालणारी डेबी. मी घातलं असतं तर मला दोन कारणांनी मार बसला असता, एक कपड्यांमुळे आणि एक कातडीमुळे. पुढच्या वर्षी टीव्हीवर एक्स-रे स्पेक्स बँडची गायिका पॉली स्टायरीन पाहिली. तिचे वडील सोमाली. दातांवर तारा, अंगावर झगझगीत प्लॅस्टिकच्या रंगांचे कपडे, आणि काय आवाज! मी टीव्हीसमोर उभीच राहिले. तीसुद्धा आधी किंग्ज रोडला छोटा स्टॉल मांडून कपडे विकायची. कान टोचायच्या वयापासून मी माझ्यासारखं कुणी शोधत होते आणि ती मला तारा लावलेल्या दातांत दिसली.

मुक्ता_विंगेतून

नीलाताई, मी हे तालमीत सगळ्यांना वाचून दाखवलं. दिग्दर्शकाने तुऱ्याचा हट्ट सोडलाय. भजीची बशी त्याला फार आवडली, ती संहितेत घेऊ का विचारतोय.

आता खरी अडचण. बाँडेज पॅन्ट शिवायची तर आहे, पण आमच्या मुलाला त्यात एक उडी आणि एक मारामारी आहे. गुडघ्यांना पट्टा बांधून तो पडला तर? आणि नाझी पट्टीचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

शिवणमास्तर_गिरगाव

पोरी, मी चाळीस वर्षं नाटकांचे कपडे शिवले. पंकबिंक मला ठाऊक नाही, पण नीलाताईंनी सांगितलेली विजार डोळ्यांसमोर आली. लिहून घे.

मांडीतली चेन खरी लावू नको. आतून विजारीची शिवण पक्की, दुहेरी, आणि चेन वरून नुसती टाचलेली. खरी उघडणारी चेन तिथे असली की मारामारीत दात तुटणार आणि पोरगा जखमी होणार. चेन पितळी, जाड दातांची घे, नायलॉनची लांबून दिसत नाही. रविवार पेठेत बॅगवाल्यांच्या मालात मिळेल.

पट्टा दीड फुटाचा ठेव, म्हणजे पाऊल पडतं पण चाल बदलते. एका टोकाला बक्कल खरं, दुसऱ्या टोकाला टिचबटण. जोर बसला की टिचबटण सुटतं, पोरगा पडत नाही. उडीच्या आधी त्यानेच हाताने सोडलं तर आणखी चांगलं, दिग्दर्शकाला ती कृती आवडेल.

साटीन अंगावर चढवलं की दिव्यात चकाकतं आणि नवं दिसतं. अस्तराचं काळं साटीन घे, दोनदा सोड्यात उकळ, उन्हात वाळव. मलमलीला चहाच्या पाण्यात बुचकळ. गुडघ्यावर आणि बुडावर दगडाने घास. नवा कपडा रंगमंचावर खोटं बोलतो.

ब्लेझर विकत आणू नको. बोहारणीकडे जा. जुने सूट तिच्या गाठोड्यात असतात, एकदोन भांड्यांत काम होतं. बाही उसवताना धार लावलेल्या ब्लेडने टाके काप, कापड फाडू नको. फाटलेलं आणि उसवलेलं यात फरक आहे, तो पहिल्या रांगेला कळतो. स्वेटर हवा असेल तर हाताने विणलेला जुना घे, चार-पाच टाके कापून ओढ, शिडी पडत जाते. पण शिडीच्या दोन्ही टोकांना दोऱ्याने थांबव, नाहीतर तिसऱ्या प्रयोगाला नुसती लोकर उरेल.

पिनांची टोकं बोथट कर. कानशीने घासायची, दोन मिनिटांचं काम आहे. प्रयोगाला नट घाईत असतो.

नीला_हेज

मास्तर, तुमचं टिचबटण डेबीला सांगायला हवं होतं. ती दोनदा पडली होती.

मुक्ता, पट्टीबद्दल मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. ते दोन ओळींत उरकायचं नव्हतं.

हो, घालायचे. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये हंड्रेड क्लबच्या पंक महोत्सवात गायिका स्युझी सू ती पट्टी बांधून आली होती. 'सेडिशनरीज'च्या एका प्रसिद्ध शर्टावर ते चिन्ह मोठं छापलेलं होतं, वर 'नष्ट करा' असा शब्द. घालणाऱ्यांपैकी बहुतेक जण नाझी नव्हते. त्यांच्या आईवडिलांची पिढी उठताबसता युद्धाच्या गोष्टी सांगायची, त्या पिढीला सगळ्यात जास्त काय लागेल ते त्यांनी उचललं. हे मला कळतं.

पण माझी दुसरी आठवण आहे. आम्ही हेजला आलो त्याच्या दुसऱ्या दिवाळीला आईने उंबऱ्यासमोर रांगोळी काढली. मधे स्वस्तिक, चार टिंबं, हळदकुंकू. शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. व्हिएन्नाहून तरुणपणी एकट्या पळून आलेल्या, ज्यू. त्या बाजारातून आल्या, आमच्या फाटकाशी थांबल्या, हातातली पिशवी खाली ठेवली. आईने हसून हात जोडले. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवी तिथेच ठेवून आपल्या घरात गेल्या. वडिलांनी आईला समजावून सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग ओल्या फडक्याने रांगोळी पुसली आणि तिथे कमळ काढलं. पिशवी मी त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली. त्यानंतर आमच्या उंबऱ्यावर कायम कमळ. स्वस्तिक देवघरात, ताम्हणाशेजारी, आतल्या आत.

आणि बाहेर भिंतींवर तेच चिन्ह खडूने, रंगाने काढलेलं असायचं, शेजारी नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाची दोन अक्षरं. १९७६ च्या जूनमध्ये साउथॉलला डोमिनियन सिनेमाजवळ गुरदीपसिंग चग्गरला भोसकून मारलं. अठरा वर्षांचा होता. आमच्या घरापासून बसने दहा मिनिटांवर. म्हणून किंग्ज रोडवर एका गोऱ्यापान मुलाच्या दंडावर ती पट्टी पाहिली तेव्हा तो कुणाला चिडवतोय हा प्रश्न मला पडलाच नाही. आईने पुसलेली रांगोळी आठवली. मी तेव्हा काही बोलले नाही, त्याची मला आजही खंत आहे.

तेव्हाही सगळ्यांना ते मान्य नव्हतं. त्याच हंड्रेड क्लबमध्ये 'द क्लॅश'चा व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स याने पट्टी आहे म्हणून स्युझीला आपल्या बँडचं सामान वापरू दिलं नाही. पुढे ३० एप्रिल १९७८ ला व्हिक्टोरिया पार्कात वंशवादाविरुद्ध मोठा मेळा झाला, त्यात 'क्लॅश' होते, पॉली स्टायरीन होती, रेगे हे जमैकाचं संगीत वाजवणारा बर्मिंगहॅमचा बँड 'स्टील पल्स' होता. आणि १९७९ मध्ये दक्षिण लंडनमधल्या पाकिस्तानी घरांतल्या मुलांनी स्वतःचा पंक बँड काढला, 'एलियन कल्चर'. मार्गारेट थॅचरने परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश भरून जाईल अशी भीती बोलून दाखवली होती, तेच त्यांनी नाव म्हणून लावलं. अपमान उचलून अंगावर घालायचाच तर तो असा, ज्याचा आहे त्याने.

तुमच्या नाटकात ती पट्टी उघडी नको असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी प्रेक्षकाला ते चिन्ह लांबचं वाटेल, थोडं ओळखीचंही वाटेल, आणि त्या म्हाताऱ्या बाईंना जे दिसलं ते कुणालाच दिसणार नाही. पण संहितेतून काढूनही टाकू नका. १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स ग्रॅनडा टीव्हीवर आले तेव्हा जॉर्डनच्या दंडावर ती पट्टी होती, आणि वाहिनीने चिकटपट्टी लावून चिन्ह झाकायला लावलं होतं. तुमच्या मुलाच्या दंडावर तशीच पट्टी बांधा, वर काळ्या चिकटपट्टीची फुली. झाकलेली. ती चिकटपट्टी कुणी लावली हे त्या भारतीय मुलीला माहीत असू दे.

ढोल_ते_ड्रम्स

नीलाताई, तुऱ्याबद्दल मी चुकीचं सांगितलं होतं, दुरुस्त करतो. मी पंक ऐकायला लागलो ते १९८२ च्या रेकॉर्डपासून, त्यामुळे मला तेच मूळ वाटत होतं. आज १९७७ च्या रेकॉर्ड पुन्हा ऐकतोय. मुक्ता, पार्श्वसंगीतासाठी लागलं तर सांग. लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये रेकॉर्ड लावणारा डॉन लेट्स दोन बँडच्या मधे रेगे वाजवायचा, कारण पंकच्या रेकॉर्ड फारशा निघालेल्याच नव्हत्या. तळघरातल्या रेडिओवर रेगे ठेवा.

मुक्ता_विंगेतून

चिकटपट्टीची फुली ठरली. संहिता लिहिणारा मुलगा आधी गप्प होता, मग म्हणाला चिकटपट्टी लावण्याचा प्रसंगच लिहितो. काल बोहारणीकडून दोन ब्लेझर मिळाले, स्टीलच्या एका डब्याच्या बदल्यात. मास्तर, सोड्याचा प्रयोग उद्या.

शेवटचा प्रश्न. गालातून आरपार पिन दाखवायची का? फोटोंत दिसते.

नीला_हेज

गालातून फार थोड्यांनी घातली, आणि त्यांतल्याही बऱ्याच खोट्या होत्या, मधला भाग कापून दोन्ही टोकं चिकटवलेल्या. रोजच्या जगण्यात पिन कानात असायची, नाहीतर कपड्यावर. डेबीच्या कानात होती ती आमच्या आईची. आईच्या बांगड्यांत नेहमी तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या, पदराला, निरीला, वेळेला. त्यातली एक मी काढून दिली. आईने ती डेबीच्या कानात ओळखली, कारण तिच्या वाकलेल्या टोकाची तिला सवय होती. मागितली नाही. दुसऱ्या दिवशी बांगडीत नवी होती.

तुम्ही मात्र छोटी पिन घेऊ नका, पाचव्या रांगेपलीकडे दिसणार नाही. पूर्वी लहान मुलांच्या कापडी लंगोटांना लावायच्या त्या मोठ्या पिना शोधा. आणि ब्लेझरची बाही जोडताना पिना आडव्या लावा, उभ्या लावल्या तर हात वर केला की उघडतात.